दोन ते चार

"थांब बाबा, एवढी ओळ होऊ दे."

जिजींच्या दारात गेलं की पहिलं वाक्य हेच ऐकू यायचं. मान वर न करता, हातातल्या सुया चालू ठेवून. तुम्ही लग्नाची पत्रिका घेऊन आलेले असा नाहीतर मयताची बातमी, ओळ पुरी झाल्याशिवाय जिजी तुमच्याकडे बघणार नाहीत. एकदा खुद्द आमदार दारात होते. एक बूट काढलेला, एक पायात, अशा अवस्थेत त्यांनाही हेच ऐकावं लागलं. ओळ मध्येच सोडली की टाक्यांचा हिशेब चुकतो, हे जिजींचं कारण. आमदारांना ते पटलं की नाही मला ठाऊक नाही, पण ओळ होईपर्यंत ते एका पायावर उभे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडणारा मी, झाडू मारणारा मी आणि वाळवीशी भांडणाराही मीच. चौसाळ्याहून आत वळलं की आमचं गाव लागतं. वाचनालयात माणसं येतात ती वर्तमानपत्रातले वाढदिवसाचे फोटो आणि निधनवार्ता बघायला. जाड पुस्तक मागणारी व्यक्ती गावात एकच होती, आणि ती वाचनालयात कधी येत नसे. पुढाऱ्याच्या घरच्या बाईनं चावडीसमोरून चालत येऊन पुस्तक बदलून नेणं त्या घराला रुचणारं नव्हतं. म्हणून दर गुरुवारी दुपारी वाचनालयच पिशवीत घालून मी त्यांच्याकडे न्यायचो. जिजी मला नावानं हाक मारत नसत. "ए वाचनालय, आत ये," म्हणायच्या. मला ते आवडायचं. पगाराच्या मानानं फार मोठी पदवी होती ती.

जिजी म्हणजे नानांच्या पत्नी. नाना आमच्या गावचे पुढारी. ऊस, कापूस, दारात जीप, आणि ओसरीवर सकाळपासून माणसं. कुणाची बदली, कुणाचं पोलीस ठाण्यातलं लफडं, कुणाच्या बांधावरचं झाड. चपलांचा एवढा ढीग पडलेला असायचा की जाताना माणसं आपल्यापेक्षा बऱ्या चपला घालून जायची. ओसरीवर हा बाजार आणि मागच्या खोलीत जिजी. त्या खोलीत एक वेताची खुर्ची, एक रेडिओ, एक टीव्ही, लोकरीची पत्र्याची पेटी आणि खिडकीबाहेर कडुनिंब. घर सासूबाईंपासून गड्यामाणसांपर्यंत सगळ्यांचं होतं, पण दुपारी दोन ते चार ती खोली आणि तो वेळ फक्त जिजींचा. नाना जेवून आडवे व्हायचे नाहीतर बीडला गेलेले असायचे. जिजी दार लोटून घ्यायच्या. मग पुस्तक, नाहीतर गाणं, नाहीतर जुन्या काळातली एखादी मालिका, आणि या तिन्हींच्या जोडीला सुया.

आता तुम्ही म्हणाल, बीड जिल्ह्यात आणि लोकर? वैशाखात आमच्याकडे कोंबडीसुद्धा सावली सोडत नाही. मीही एकदा विचारलं होतं.

"जिजी, इथं हे घालणार कोण?"

"तू कधी फडावर ऱ्हायलास का?"

"न्हाई."

"मग कावून बोलतूस? दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडाया जातंय. शेतात पाल्याच्या कोपीत, खोपटात झोपतंय. पहाटं लई गारठा असतो तिथं. लेकरांच्या कानात वारं जातं."

जिजी वर्षभर टोप्या विणायच्या. दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरायला लागले, भांडी, सरपण, शेळ्या, माणसं असं सगळं वर चढलं, की जिजी ओसरीच्या कडेला उभ्या राहायच्या. बाईच्या कडेवरच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायचा, अंदाज घ्यायचा आणि पिशवीतून नेमकी टोपी काढायची. सगळ्या लाल. लाल का, तर उसाच्या हिरव्यात लेकरू हरवलं तर लांबून दिसावं म्हणून.

माहेर त्यांचं घाटनांदूरचं. तिथल्या स्टेशनात काम करणाऱ्या एका बाबूंच्या बायकोकडून त्यांनी दोन नाद उचलले, एक विणकामाचा आणि दुसरा कादंबऱ्यांचा. बाबूंची बदली झाली, नाद राहिले. दहावी झाल्यावर लग्न करून दिलं तेव्हा रुखवतात त्यांनी आठ पुस्तकं मांडली होती म्हणे. वऱ्हाडातल्या बायकांनी ती उचलून खाली लाडू आहेत का ते पाहिलं.

जिजींना नव्या पुस्तकांचं वावडं नव्हतं, पण जीव जुन्यावर. "पुस्तक मुरावं लागतं बाबा, लोणच्यावाणी," असं त्यांचं म्हणणं. जिची शिवण सुटलेली नाही अशा कादंबरीकडे त्या संशयानं बघायच्या. परदेशी कादंबऱ्यांची जुनी मराठी भाषांतरंही त्यांना फार प्रिय. अडचण नावांची. ती परकी लांबलचक नावं त्यांच्या तोंडात बसत नसत. मग त्यांनी सोपा उपाय काढला. पुस्तकातल्या प्रत्येकाला त्या आपल्या नात्यातलं एकेक माणूस नेमून द्यायच्या. हट्टी मुलगी म्हणजे धाकटी नणंद. गोड बोलून काम साधणारा सरदार म्हणजे एक व्याही. एका कादंबरीतल्या पांढऱ्या दाढीच्या जमीनदाराला त्यांनी तेलगावचे काका केलं होतं.

एके दिवशी दुपारी मला वाचनालयात त्यांचा फोन आला. आवाज जड झालेला. "तेलगावचे काका गेले रे," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी वाचनालयाला कुलूप लावलं. वर्तमानपत्र वाचत बसलेले दोघं म्हातारे म्हणाले, नानांच्या घरचं मयत, आपणही गेलं पाहिजे. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकले. आम्ही तिघं तोंडं पाडून नानांच्या ओसरीवर पोचलो. नाना सुपारी कातरत बसलेले.

"काय बे, असे रांगेनं कुठं निघालाव?"

मी चाचरत सांगितलं. नाना ताडकन उठले, कारण तेलगावला त्यांचे खरेच एक काका होते. जीप काढायला सांगितली. तेवढ्यात आतून जिजी डोळे पुसत आल्या आणि हातातलं पुस्तक पुढं करून म्हणाल्या, "इथं. दोनशे बाराव्या पानावर." नानांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा सुपारी कातरायला बसले. त्यानंतर कितीतरी दिवस गावात कुणी मेल्याचं मी सांगितलं की लोक पान नंबर विचारायचे.

गाण्याचंही तसंच. रेडिओवर नाट्यपदं नाहीतर शास्त्रीय गाणं लागलं की जिजींच्या सुया तालावर पडायच्या. विलंबित चीज असली की टोपी सैल व्हायची आणि गवई द्रुतात शिरला की घट्ट. गावातल्या एका पोराची टोपी डोक्यात अर्धीच जायची. त्याची आई तक्रार घेऊन आली तर जिजी म्हणाल्या, "तराण्यात झाली गं माय ती. दे, दुसरी करते."

आणि मालिका! राजेरजवाडे, पालख्या, तलवारी, शिक्के, पडद्याआडच्या राण्या. जिजींना त्यात लढाईपेक्षा घरात काय चाललंय त्यात रस. एका वर्षी त्यांनी नानांसाठी स्वेटर विणायला घेतला होता. उजवी बाही झाली तेव्हा मालिकेतली राणी रंगमहालात होती. डाव्या बाहीला सुरुवात केली आणि राणीला तुरुंगात टाकलं. तिची सुटका होईपर्यंत जिजींचं ओळी मोजण्याकडे लक्षच गेलं नाही. डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब. उसवा म्हटलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिनं लई सोसलंय." नाना तो स्वेटर एक बाही दुमडून बीडच्या सभेला घालून गेले. कुणी विचारलं तर म्हणत, "हिला इचारा." नानांना त्या खोलीत काय चालतं याची कधी उत्सुकता नव्हती. त्यांच्या लेखी ते बायकांचं रिकामपण. रागही नाही, कौतुकही नाही. मात्र चुकीचा का होईना, स्वेटर घालायचे, हे मान्य केलं पाहिजे.

अशी सगळी घडी नीट बसलेली असताना गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं.

ओसरीवर चर्चा दोन मिनिटंही चालली नाही. अर्ज जिजींचा. कारभार नाना बघणार, जिजींनी फक्त सही करायची. आमच्या भागात याला कुणी आश्चर्य मानत नाही. त्या दिवशी गुरुवार होता, म्हणून मी तिथंच होतो. नाना मागच्या खोलीच्या दारात आले. उंबरा त्यांनी ओलांडला नाही.

"अगं, ह्या अर्जावर सही कर."

जिजींनी ओळ पुरी केली. अर्ज वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "करते. पण माझं दोन ते चार मला पायजे. त्या वक्ताला मला कुणी हाक मारायची न्हाई. शब्द द्या."

"दिला की. त्यात काय एवढं?"

नानांनी शब्द दिला तो इतक्या सहज, की मलाच काळजी वाटली.

प्रचार सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी दुपारी दोनला जीप दारात. बायका दुपारीच घरी सापडतात, त्यामुळे महिला उमेदवारानं दुपारीच फिरायचं असतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. निवडणूक चिन्ह मिळालं होतं दूरदर्शन संच. जिजी मला म्हणाल्या, "बघ नशीब. टीव्ही छातीवर लावून फिरायलेय, अन् बघायला एक मिनिट न्हाई." तेव्हा त्या हसत होत्या, पण चौथ्या दिवशी त्यांनी ठरवलं की ही निवडणूक आपण हरायची. दोन तास वाचवायला दुसरा मार्गच नव्हता. बीड जिल्ह्यात पडण्यासाठी खटपट करणारा उमेदवार मी तरी तो एकच पाहिला.

खटपटही साधी. जिजींना खोटं बोलता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी खरं बोलायला सुरुवात केली. दारोदार जाऊन बायकांना सांगायच्या, "मला मत देऊ नगा गं. माझी दुपार जाती. ह्यांनी उभं केलंय म्हून आलेय. मला घरी बसून वाचायला लई आवडतंय."

बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग एकमेकींना सांगितलं. आजवर जो आला तो सेवा करायला आला, ही पहिली बाई मनातलं बोलली. विरोधी उमेदवाराच्या सख्ख्या जावेनं सांगितलं, "मत जिजीलाच. तिला कायबी नगं, म्हून तिलाच द्यायचं."

मतदानाला तोडणीवाल्यांना फडावरून परत आणतात. दोन्ही बाजूंनी गाड्या लावल्या होत्या. थंडीचे दिवस. शाळेसमोर विरोधी गटानं आणलेला ट्रॅक्टर उभा राहिला आणि त्यातून बायका उतरायला लागल्या. प्रत्येकीच्या कडेवर लेकरू आणि प्रत्येक लेकराच्या डोक्यावर लाल टोपी. प्रचार म्हणून कुणी घातली नव्हती, थंडी होती म्हणून घातली होती. विरोधी गटाचा माणूस त्या टोप्यांकडे बघतच राहिला. जिजी माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गेली माझी दुपार."

गुलाल उधळला गेला तेव्हा नाना लहान पोरासारखे नाचले. जिजी आत बसून होत्या, केसांत गुलाल, हातात सुया. मी पेढा द्यायला गेलो तर म्हणाल्या, "ठेव तिथं." मला त्या दिवशी त्यांची फार दया आली, आणि गावासाठी आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

तरी एक आशा होती. सहीच तर करायची होती. सही करायला किती वेळ लागतो? पण जिजी पडल्या वाचणाऱ्या. ग्रामसेवक पहिल्यांदा कागदांचा गठ्ठा घेऊन आले तेव्हा मी पुस्तकं काढून ठेवत होतो.

"इथं, इथं आणि इथं," ग्रामसेवकांनी बोट ठेवलं.

"ठेवून जा. वाचून देते."

"जिजी, हे वाचायचं नसतं. सही करायची असते."

"मग लिवलं कशाला?"

जिजी मला म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत मी एक तरी पुस्तक न वाचता परत दिलंय का रे?" आणि चष्मा घालून पहिलं पान उघडलं.

वाचता वाचता सातव्या पानावर एक ठराव निघाला. अंगणवाडीमागची मोकळी जागा दुकानांसाठी द्यायची होती. तिथं लेकरं खेळायची. दुकानं कुणाची, तर नानांच्या एका जवळच्या कार्यकर्त्याची. शब्द नानांनीच दिलेला. जिजींनी तो कागद बाजूला काढून ठेवला.

नाना खोलीच्या दारात आले. या वेळी आवाज चढलेला. "मी शब्द दिलाय त्याला. माझी इज्जत हाय का न्हाई गावात?"

मी पिशवी उचलून निघणार होतो. जिजी म्हणाल्या, "बस तू." मग नानांकडे वळल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"शब्द तुमी मलाबी दिलता. दोन ते चार माझं म्हणून. मी दुसरं काय मागितलं तुमाला इतक्या वर्षांत? ते दोन तास तुमी घेतले. घेतले तर घेतले. पण आता त्या दोन तासांत काय करायचं ते मी ठरवणार. ही सही व्हायची न्हाई."

नाना उंबऱ्यात उभे राहिले. मग तिथूनच मागं वळले. दोन दिवस घरात अबोला होता आणि नाना जेवलेही नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या कार्यकर्त्याला सांगितलं, "तिथं जमायचं न्हाई बे. बाई वाचती."

हे गावभर झालं. बाई वाचती. मग कागद नीट यायला लागले.

पण मला जे लागलं ते वेगळंच. पुढच्या गुरुवारी मी नेहमीसारखी तीन पुस्तकं घेऊन गेलो. जिजींनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि परत माझ्याकडे सरकवली. "आता कादंबरी आणू नगंस. पाच वर्षं हेच वाचायचं." खुर्चीशेजारी फायलींचा ढीग होता. रेडिओवर फडकं टाकलेलं. मी पिशवी घेऊन परत आलो आणि त्या दिवशी वाचनालय लवकर बंद केलं. मला नानांचा राग आला होता, गावाचाही आला होता, आणि बोलायची सोय नव्हती कारण गावाचं भलं होत होतं.

पाच वर्षं त्या खोलीत टीव्ही लागला नाही. विणकाम तेवढं राहिलं, कारण ते सभेत बसूनही करता येतं. उरलेला आपला नाद मात्र जिजींनी दुसऱ्याच वाटेनं जिवंत ठेवला. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. आमच्याकडे तिला सात-आठ बायका यायच्या, बाकीच्यांच्या घरी सह्यांसाठी रजिस्टर फिरायचं. जिजींनी पहिल्या सभेत कामकाज संपल्यावर एका जुन्या कादंबरीची गोष्ट सांगायला घेतली. नेमकी मुलगी घर सोडून निघते तिथं थांबल्या. "बाकीचं पुढच्या सभेला."

पुढच्या सभेला बसायला जागा नव्हती. तालुक्याहून गटविकास अधिकारी खात्री करायला आले की एवढ्या सह्या खऱ्या आहेत का. मागं भिंतीला टेकून उभे राहिले. त्या दिवसापुरती गोष्ट थांबली तेव्हा पुढं येऊन हळूच म्हणाले, "मग त्या मुलीला पुढं कुणी ठेवून घेतलं का हो?"

"पुढच्या सभेला या की," जिजी म्हणाल्या.

ते आले होते.

मुदत संपली. पद खुलं झालं. बायकांनी गळ घातली की तरी उभ्या राहा, पण जिजींनी हात जोडले. शेवटच्या दिवशी ग्रामपंचायतीतून घरी आल्या, हातपाय धुतले, मागच्या खोलीत गेल्या आणि रेडिओवरचं फडकं काढलं. दुसऱ्या दिवशी मला फोन. "ए वाचनालय, लई दिवस झाले. जाडजूड घेऊन ये."

पुढची दोन-अडीच वर्षं सुखाची. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं मोठा टीव्ही आणून दिला, इंटरनेटवाला. त्यावर जिजींना परदेशी जुन्या काळातल्या मालिका सापडल्या. घोडागाड्या, मेणबत्त्या, जमिनीवर लोळणारे झगे. हिंदीत बोलणारे गोरे लोक. जिजी खुर्चीच्या टोकावर बसून बघायच्या. "एवढं मोठं घर, अन् चूल कुठं हाय ते दाखवीत न्हाईत. जेवणं तर सारखी चाललेली." एकदा मला तातडीनं बोलावून घेतलं. पडद्यावर एक मोलकरीण थांबवून ठेवली होती, दारात उभी, तोंड अर्धवट उघडं. "हिच्या शालीचे टाके मोज. माझ्या चष्म्याला दिसनात." मी टीव्हीला नाक लावून ग्रंथपालाच्या इमानदारीनं शालीचे टाके मोजले. महिन्याभरात तशी शाल तयार झाली.

एक मालिका फार लांबलचक होती, एका घराण्याच्या तीन पिढ्यांची. दर गुरुवारी मी गेलो की आठवड्यात काय काय घडलं ते जिजी मला सांगायच्या. निळ्या झग्यातल्या बाईवर त्यांचा राग होता आणि लोभही. "डोकं लई चालतंय तिचं, पण कुणाजवळ मन मोकळं करीत न्हाई. अशी माणसं दुखत ऱ्हातेत." मी बघत काहीच नव्हतो, पण त्या घराण्याची मला खडान्खडा माहिती झाली होती.

गेल्या पौषात जिजी गेल्या. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि जीप चौसाळ्यापर्यंतही पोचली नाही. निम्मं गाव फडावर होतं. मोबाईलवर बातमी गेली तेव्हा बायका कोयते टाकून उसातच बसल्या, असं मागाहून कळलं. मला कुणी फोन केला ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्याला म्हणालो, "नीट सांग, कोण गेलं?" आणि त्यानं तेच नाव पुन्हा सांगितलं.

तेरावा झाल्यावर आठेक दिवसांनी मी नानांकडे गेलो. वाचनालयाची दोन पुस्तकं तिकडे होती. ती मागायला जायचा मला संकोच वाटत होता. खरं तर पुस्तकं हे निमित्त होतं, गुरुवार होता आणि पाय आपोआप तिकडे वळले. ओसरीवर माणसं होती, चपलांचा ढीग होता. नाना दिसले नाहीत. मी विचारलं तेव्हा गडी म्हणाला, "नाना आत हायेत. दोन ते चार भेटत न्हाईत आता. कुणालाच न्हाई."

"कोण हाय?" आतून आवाज आला. "वाचनालय का? त्याला येऊ दे."

नानांनी मला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत नाना वेताच्या खुर्चीत अवघडून बसले होते. ती खुर्ची त्यांना अरुंद होती. टीव्हीवर तेच घराणं, तेच झगे. आवाज नको इतका मोठा. नानांनी मला पलंगाकडे हात केला.

"बस. तिनं जिथं सोडलं तिथून लावलंय. पोरगा म्हणला पहिल्यापासून लावून देतो. मीच नगं म्हणलं. पण मला काय कळंना बे. ही निळ्या झग्यातली कोण? अन् त्या म्हाताऱ्यासंगं कावून भांडायलीय?"

फोन वाजला. नानांनी बघितला, कुणीतरी मोठं असावं, आणि मांडीवर पालथा घातला.

"इतकी वर्षं ही इथं बसून काय बघती, काय वाचती, मी एकदाबी इचारलं न्हाई रे," नाना म्हणाले. "उंबऱ्यापस्तोर यायचो अन् सही मागून जायचो." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग पडद्याकडे बोट करून ते म्हणाले, "तुला ती सगळं सांगायची. मला सांग."

मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणालो, "ही थोरली सून, नाना. डोकं लई चालतंय तिचं, पण कुणाजवळ मन मोकळं करीत न्हाई."

"बरं," नाना म्हणाले, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवून ऐकायला लागले.